कुंकवाची पुडी

कल्याण सोडल्यापासून दगडूचं तट्टू पुढे ओढत होतं. सहा महिने मागे मागे रेंगाळणाऱ्या त्या आळशी जनावराला आज घराचा वास लागला होता. त्याचा दोर राघोच्या हातात पुन्हा पुन्हा ताणला जात होता. राघोला मात्र घाई नव्हती. वाट आणखी चार दिवसांची असती तरी त्याला चाललं असतं.

तो स्वतःच्या तट्टावर बसला होता. दगडूच्या तट्टावर गंगेच्या पाण्याचा गडू, एक घोंगडी आणि दगडूचे जोडे बांधलेले होते.

दसऱ्याला दोघे कोपरहून काशीला निघाले तेव्हा गाव हसलं होतं. आगगाडी असताना तट्टावरून काशी? "गाडीत बसून डुलक्या काढाच्या, ती कसली यात्रा रं?" दगडू म्हणाला होता. हौस सगळी त्याचीच. परतताना नर्मदेच्या काठी पटकीनं तो एका दिवसात गेला. अग्नी राघोनं दिला.

हे तोंडानं सांगायची हिंमत राघोत नव्हती. म्हणून नाशकात त्यानं एका जोशीबुवांकडून दगडूच्या घरी पत्र लिहवून घेतलं. मजकूर पुरा झाल्यावर जोशीबुवांचा हात सवयीनं कुंकवाच्या करंड्याकडे गेला. खुशालीच्या पत्राला कोपऱ्यावर कुंकू लावतात, आणि ते अक्षर न येणाऱ्यालाही कळतं. मग त्यांनी हात मागे घेतला. "असल्या पत्राला लावत नाहीत," ते हळूच म्हणाले. राघोनं पत्र कमरेच्या कशात, तंबाखू-पैशाच्या कापडी पिशवीत ठेवलं, त्या रात्री तो कसा उशाशी घेऊन झोपला आणि सकाळी पत्र टपालात टाकलं.

त्याला आठ दिवस झाले होते. म्हणजे पत्र पोचलं असणार. पहिला आकांत होऊन गेला असणार. आपण जायचं, खाली मान घालून ओसरीवर बसायचं, तट्टू आणि गडू हवाली करायचा. वाटभर तो हेच घोकत होता.

डोंबिवलीजवळ त्यानं तंबाखूसाठी कशात हात घातला. बोटं लाल होऊन बाहेर आली. पुडी फाटली होती, कधी कोण जाणे. दगडूनं काशीच्या घाटावर बायकोसाठी हौसेनं घेतलेलं कुंकू होतं ते. तळमळत असतानाही ती पुडी त्यानं राघोच्या मुठीत कोंबली होती. "गोदाला दे," म्हणाला होता. आता ती तिला कोणत्या तोंडानं द्यायची? आणि खाडीत टाकायची तर मित्राचं शेवटचं सांगणं मोडायचं. राघोनं बोटं तट्टाच्या आयाळीला पुसली आणि तंबाखू न खाताच कसा बंद केला.

मिठागरं दिसू लागली. चैत्रातलं ऊन, ऐन हंगाम, आणि आगरात एकही माणूस नव्हता. फावडी बांधावर तशीच पडली होती. राघोनं तट्टू आवरलं. पत्र पोचलंय, गाव दुखवट्यात आहे. त्याला जरा सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली.

मग ढोल ऐकू आला.

वेशीवर सगळं गाव उभं होतं. दगडूचा थोरला भाऊ आनंदा नवं पागोटं बांधून सगळ्यांच्या पुढे होता. "काल कल्यानच्या तल्यावर दोन तट्टं बघितली आमच्या गुणाजीनं!" तो दुरूनच ओरडला. दोन तट्टं दिसली म्हणजे दोन माणसं आली, असा गावानं हिशेब केला होता. "आमचा दगडू कुठं रं? परत मागं राहिला काय?" उत्तराची वाट न बघता त्यानं ढोलवाल्याला आणखी जोरात वाजवायची खूण केली.

राघो खाली उतरला. पुढे गोदा उभी होती. अंगावर हिरवं लुगडं, हातात पाण्याची घागर.

"पत्र आलं नाय काय?" त्यानं विचारलं.

"आलं की, परवाच." तिनं कनवटीचं पत्र काढून दाखवलं. ते फोडलेलंसुद्धा नव्हतं. त्याचा कोपरा लालभडक होता. "वाचणारे गुरुजी ठान्याला गेलं. मी म्हटलं, कुकू लावलंय, मंग वाचाचं काय राहिलं?"

यात्रेकरूचे पाय धुवायची रीत होती. गोदा खाली बसली आणि तिनं त्याच्या पायांवरची धूळ चोळून चोळून धुतली. मग मध्येच थांबून घागर बाजूला ठेवली.

"अर्धं पानी त्यांच्या पायांना," ती म्हणाली. तिनं वर पाहिलं तेव्हा तिच्या कपाळावर रोजच्यापेक्षा मोठं कुंकू होतं. "पत्राच्या घडीतून सांडलं ना भावजी, ते करंड्यात धरून ठेवलं. आज तेच लावलंय. त्यांनी धाडलं म्हणून."

राघोनं तिच्या कपाळाकडे पाहिलं, मग आपल्या बोटांकडे. तो रंग अजून गेला नव्हता. आपल्याच कशातल्या पुडीनं हे केलं, हे त्याला कळलं, आणि आता पत्राच्या आड लपायची सोय उरली नाही हेही कळलं.

त्यानं गोदाला सांगितलं.

पण ढोल इतक्या जोरात वाजत होता, की त्याला ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं.