नुसती उभी

"ती बघा, अजून नुसती उभी हाय!" दत्तारामने फावडं दरडीच्या मातीत रोवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नऊ माणसं हितं मरमर मरत्यात आणि मुकादमीणबाय डोंगराची शोभा बघत्यात."

ठेकेदाराचे सुपरवायझर सयाजीराव नुकतेच जीपमधून उतरले होते. ऑगस्ट १९९९, सकाळचे सव्वाअकरा. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणाऱ्या घाटात दरड आली होती. अर्धा रस्ता मातीखाली होता आणि खोळंबलेल्या गाड्यांचे हॉर्न थांबत नव्हते.

जनी मुकादम रस्त्याच्या दरीकडच्या कडेला उभी होती. गळ्यात शिट्टी, हात मागे. सकाळपासून तिने एक घमेलंही उचललं नव्हतं. सयाजीराव समोर आले तरी ती त्यांच्या डोक्यावरून वर, डोंगराच्या तुटलेल्या कडेकडे पाहत राहिली.

"जनाबाई, मी तुमच्याशी बोलतोय."

"बोला सायेब. कान हिकडंच हायत."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. सयाजीराव भडकले.

"मुकादम केलं म्हणजे मालकीण झालात काय? हैबती होता मुकादम. सगळ्यांच्या आधी फावडं उचलायचा, सगळ्यांच्या नंतर ठेवायचा. माणसं जीव टाकायची त्याच्यावर. मुकादम असा पाहिजे!"

हैबतीचं नाव निघताच जुन्या माणसांची फावडी थांबली. दत्ताराम त्याच्यानंतर टोळीत आलेला.

जनीने बारा वर्षं तीन मुकादमांच्या हाताखाली काढली होती. पहिला आयाबहिणींवरून शिव्या द्यायचा. दुसरा पोलादपूरच्या हॉटेलात बसून हजेरी लावायचा. त्या दोघांकडून ती काही शिकली नाही. शिकली ती हैबतीकडून, आणि हैबती तिघांतला सर्वांत भला माणूस होता.

"भलाच व्हता," जनी म्हणाली. "त्या दिवशी पण सगळ्यांच्या फुडं व्हता. मान खाली, फावडं चालू. त्याचं बघून आमची पण मान खाली. दहा माणसं, सायेब, आणि वर बघणारं एक नाय. घमेलं डोक्यावर घ्यायला मी सरळ झाले म्हणून मला धोंडा दिसला. मी वराडले. तवर हैबती आणि भिकाजी त्याच्याखाली गेले व्हते."

तिचा आवाज चढला. नजर मात्र हलली नाही.

"तुमी हार घेऊन आलात. लई कष्टाळू व्हता म्हणालात. दहाच्या दहा माणसं खणत का व्हती, ह्ये कुणी इचारलं नाय. मी दोन वर्सं मुकादम हाय, माझ्या माणसाला खरचटलं नाय. मुकादमानं खणायचं नाय. मी फावडं उचलणार नाय."

"तो अपघात होता. भाषण नको मला. फावडं उचला, नाहीतर शिट्टी द्या."

त्या रस्त्यावर तिच्याआधी कोणी बाई मुकादम झाली नव्हती. जनीने वर बघतच शिट्टीची दोरी डोक्यावरून काढली आणि हात पुढे केला.

सयाजीरावांनी शिट्टी दत्तारामकडे दिली. "आजपासून तू मुकादम. दाखव यांना काम कसं करतात ते."

दत्ताराम खूश झाला. शिट्टी गळ्यात घालून, फावडं घेऊन तो सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहिला. जनीने एक रिकामं घमेलं उचललं आणि त्याच्याजवळून जाताना थांबली.

"दत्ताराम, वरती आता तूच बघायचंस रे. आमी नऊ जण खाली हाव."

ती ढिगाऱ्यात शिरली आणि वाकून माती भरू लागली.

दत्तारामने फावडं उचललं. समोर नऊ वाकलेल्या पाठी होत्या. दोन वर्षांत काम करताना त्याने एकदाही वर पाहिलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

त्याने फावडं खाली ठेवलं आणि चालत दरीकडच्या कडेला गेला.

पावसाची सर आली. सयाजीराव छत्री उघडून तावातावाने त्याच्यापुढे येऊन उभे राहिले. "अरे, तुला काय सांगितलं मी? तूपण नुसता उभा?"

दत्तारामने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"छत्री मिटा सायेब," तो म्हणाला. "डोंगर दिसत नाय."