सोबतीचं माणूस

दिराचा फोन आला. "वहिनी, उद्या माझी दुर्बिणीची तपासणी आहे. गुंगीचं इंजेक्शन देतात, घरचं माणूस सोबत असल्याशिवाय हात लावत नाहीत. आईला हॉस्पिटलचा वास सहन होत नाही, माहितीये ना तुला?"

माहीत होतं. महिन्यापूर्वी याच आईने, "नवराच राहिला नाही, आता तुझं इथे काय आहे?" म्हणत माझी बॅग दाराबाहेर ठेवली होती. हा टीव्हीचा आवाज वाढवून बसला होता.

तरी गेले.

तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी मला दुर्बिणीच्या स्क्रीनपाशी बोलावलं. "इथपर्यंत यांचं स्वतःचं आतडं. हा जोड दिसतो ना, त्यापुढचं यांच्या भावाचं, स्वादुपिंडासोबत बसवलेलं. शरीर ते नाकारायला लागलं तर आधी इथेच कळतं. पण दोन वर्षं झाली, बघा कसं गुलाबी आहे!"

मी डोळे भरून बघितलं. अपघातानंतर अवयवदानाच्या कागदावर सही मीच केली होती.

बाहेर सिस्टरने फॉर्म पुढे केला. "पेशंटला घरी नेताय, इथे सही करा. नातं काय लिहू?"

दीर गुंगीतच पुटपुटला, "वहिनी."

सिस्टर लिहायला लागली.

"खोडा ते," मी म्हणाले. "मी माझ्या नवऱ्याला बघायला आले होते. याला न्यायला याच्या आईला बोलवा."