सोडतीच्या आठ चिठ्ठ्या

महानंदाबाईंची स्कूटी माळेवाडीच्या शाळेत शिरली, तसा व्यंकट सरांनी खिशातला लखोटा चाचपला. आज सांगायचंच. गेले सात रविवार ते हेच ठरवत होते आणि सातही रविवारी नुसतं ‘चहा घेता का’ विचारून माघारी फिरले होते.

बाई शेंदवाडीच्या शाळेवर. तिथून बारा किलोमीटर येऊन दर रविवारी सरांच्या पुतणीला, शिवकन्येला, कबड्डी शिकवायच्या. कुणी बोलावलं नव्हतं की कुणी काही देत नव्हतं. दिवाळीत तर पोरीला बूट आणले. एवढं सगळं, पण सरांच्या नजरेला नजर म्हणून द्यायच्या नाहीत. त्याचा अर्थ सरांना पक्का ठाऊक होता. बाईंना सगळं माहीत होतं.

गोष्ट गेल्या सालची, लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या सालची. तालुक्याची मुलींची कबड्डी, आठ संघ. पहिला सामना जिंकला की उपांत्य फेरी, आणि क्रीडा वसतिगृहाची निवड उपांत्य फेरीतल्या पोरींतूनच. शिवकन्या तेव्हा उजाडल्यापासून घागर घेऊन विहिरीवर असायची. शाळा आठवड्यातून दोन दिवस. वसतिगृहात नळ होता, दोन वेळचं जेवण होतं. त्यात उदगीर नवा जिल्हा होणार अशी आवई उठलेली. मग निलंगा तालुका कुणाकडं जाणार, पुढची निवड कोण करणार, कुणाला पत्ता नाही. सरांच्या मनानं घेतलं, काय व्हायचं ते यंदाच.

सोडतीला यायला कुणाला सवड नव्हती. जो तो आपल्या गावात टँकरची वाट बघत बसलेला. म्हणून सोडत निलंग्याला एका ऑफिसात उरकली. नागुबाई शिपाईण तांब्यातून चिठ्ठ्या काढायची, पण तिला अक्षरओळख नव्हती. वाचायचं आणि मांडायचं काम सरांचं. अख्ख्या तालुक्यात शीट म्हटलं की व्यंकट सर! रकाने भरायचे, लिंक ग्रुपवर टाकायची, की कोण कुणाशी खेळणार ते सगळ्यांच्या मोबाइलवर. लिंकसोबत बदल करायची मुभाही सगळ्यांना देऊन बसायचे, ते सोडा. एकदा टाकळीच्या सरांनी गुणांच्या रकान्यात ‘शुभ सकाळ’ लिहून ठेवलं होतं.

चिठ्ठ्यांत माळेवाडीपुढं निलंगा आलं. निलंग्याच्या पोरी चार वर्षं कुणाकडून हरलेल्या नव्हत्या. झालं, खेळ खलास! शेंदवाडीपुढं मात्र टाकळी, अगदीच लिंबूटिंबू. सरांनी इकडंतिकडं बघितलं आणि शीटमध्ये दोन नावांची अदलाबदल करून टाकली. माळेवाडी टाकळीपुढं, शेंदवाडी निलंग्यापुढं. अर्ध्या मिनिटाचं काम. मग चिठ्ठ्या टेबलावर तशाच टाकून ते चहा सांगायला गेले.

परत येतात तर टेबलाशी महानंदाबाई उभ्या! संघाची यादी द्यायला आल्या होत्या. खिडकीखाली टँकर लागलेला, बायकांची ही झुंबड. बाई तिकडंच बघत होत्या, निदान तसं दाखवत होत्या. यादी ठेवली आणि निघून गेल्या. सरांनी घाईघाईनं लिंक ग्रुपवर टाकली आणि गावाची बस पकडली.

सकाळी मैदानावर त्यांनी शीट उघडली आणि त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. माळेवाडी विरुद्ध निलंगा. कुणीतरी नावं जशी निघाली तशी, चिठ्ठ्यांबरहुकूम लावून ठेवली होती. कुणी, ते शीटमध्ये दिसत नव्हतं. दिसायची गरजही नव्हती. सर बोलणार तरी कुठल्या तोंडानं? माळेवाडी बत्तीस गुणांनी हरली. शेंदवाडी पुढं गेली आणि तिथल्या गंगम्माची वसतिगृहात निवड झाली. त्याच दिवशी महानंदाबाई ग्रुपमधून बाहेर पडल्या.

पण बाईंनी बोभाटा केला नाही. तेच तर सरांना खात होतं. चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर एकदाचं मोकळं वाटलं असतं! उलट बाई त्यांच्याच पुतणीला शिकवत होत्या. त्यांची स्कूटी दिसली की सरांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि आता उद्या पुन्हा सोडत, पुन्हा शीट त्यांच्याच गळ्यात. आज बोललो नाही तर त्या शीटला हात लावायची आपली लायकी नाही, एवढं त्यांना कळत होतं.

सराव संपला. शिवकन्या पाणी प्यायला गेली, तसे सर पुढं झाले.

“बाई, दोन मिनिटं.”

“बोला की सर.” बाई आपल्या चपलांकडं बघत होत्या.

“गेल्या सालची सोडत. शीटमधी म्या नावं फिरवली व्हती. तुमचं गाव निलंग्यापुढं टाकलं. तुम्ही ती जागच्या जागी लावली अन् माझी अब्रू झाकली. लई उपकार हायेत. पण आता सोसवत न्हाई बघा.”

बाईंनी वर बघितलं. चेहरा पांढराफटक पडला होता.

“फिरवली? तुम्ही?”

“हाव. ह्या बघा चिठ्ठ्या. जशा निघाल्या तशा दोन-दोन टाचून ठिवल्यात. त्या दिशी टेबलावर बघितल्याच की तुम्ही.”

“मी टँकर बघत व्हते, सर.”

बाईंनी लखोटा घेतला. एकेक जोडी बाजूला सारत त्या शेंदवाडीच्या चिठ्ठीपाशी थांबल्या. तिला टाकळी टाचलेली होती. त्यांनी ती जोडी दोनदा उलटून बघितली आणि मटकन पायरीवर बसल्या.

“लिंक पडली अन् आमच्यापुढं निलंगा दिसलं,” बाई म्हणाल्या. “गंगम्माचं कसं व्हावं म्हणून म्या गुपचूप आमच्या जागी तुमचं गाव टाकलं, सर. शिवकन्येचं नशीब चोरलं म्हणून वर्सभर झुरून राहिले व्हते मी.”