मूळ पत्ता

उसात काम करताना बिबट्यानं मानगूट धरू नये म्हणून पिंपरी पेंढारच्या हौशीरामनं गळ्यात खिळ्यांचा पट्टा घातला होता. व्हिडिओ कॉलवर बापाचा तो अवतार बघून न्यू जर्सीतला आदेश उसळलाच.

“दादा, त्या बिबट्यांना पकडून जंगलात सोडायला लावा!”

“कंच्या जंगलात? धरणाचं पाणी आलं, आपुन ऊस लावला, तवा ह्याची आजी हितं आली. लेकरं, नातवंडं समदी आपल्या उसातच जन्मली. जंगल कुनी बघितलंय त्यांच्यातल्या?”

“उसात जन्मली म्हणून आपली झाली का? बाहेरून यायचं, आपलंच खायचं, वर पोरं वाढवायची! एकूणएक धरा आणि पाठवा परत!”

आदेशच्या मागं सोफ्यावर त्याची तिकडंच जन्मलेली दोन पोरं इंग्रजीत भांडत होती.

हौशीरामनं घाईघाईनं आपल्या फोनचा आवाज बारीक केला आणि पट्टा सावरत तोंड स्क्रीनजवळ नेलं.

“हळू बोल, बाबा. तिकडच्या सायबानं ऐकलं म्हंजी? तुजं ग्रीन कार्ड अजून यायचंय.”