पुन्हा विचारू नये

सकाळचा कार्यक्रम संपला तरी कॉलेजची पोरं नाट्यगृहाबाहेर रेणूबद्दलच बोलत होती. ही बया डोक्यावर हेल्मेट घालून पुणेरी पाट्यांवर रचलेली स्वतःची गाणी गायची.

"वेडी आहे यार! पण 'गाण्याचा क्लास बंद आहे, पुन्हा विचारू नये' गाताना 'बंद'वर सूर कसला तोडते! रडवलं राव."

"अशी पाटी खरंच असेल?"

"आहे. शनिवार पेठेत, माझ्याच दारावर," शेजारी उभ्या सुहासिनीबाई म्हणाल्या. "लग्नानंतर आठवड्याभरात ह्यांनी लावली."

घरी पोचताच त्यांनी पाटीवरच्या 'बंद'वर रंगाचा फटकारा मारला.

"अगं, हे काय चालवलंयस?" गोपाळराव दारात येऊन ओरडले.

सुहासिनीबाईंनी पाटीच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.