रविवारचं आमंत्रण

जेवण कमी जावं म्हणून ऑपरेशन करून पोटात जठराभोवती पट्टा बसवला आणि माझी थोरली जाऊ काडीसारखी बारीक झाली. तिचे जुने ड्रेस माझ्या वाट्याला आले. मेले मला अगदी फिट्ट बसतात! वर दर रविवारी जेवायला बोलावते, आग्रह करकरून वाढते आणि माझे घास मोजत समोर बसते. मला आणखी फुगवायचा डाव, दुसरं काय!

आज दोन घासांतच ती बेसिनकडे पळाली. नळ मोठा सोडला, तरी उलटीचा आवाज लपला नाही.

तोंड पुसत परत आली. "पट्टा सरकलाय म्हणे," एवढंच बोलली. मी भराभर ताट संपवायला लागले.



"अगं, घाई नको. घास सुखानं घशाखाली उतरताना बघायलाच तर तुला बोलावते."