ढब्बूचं पथ्य

डांबरगोळ्या गेल्या, फिनेलची बाटली मोरीतून माळ्यावर गेली, आणि आता शैला खाटेखाली वाकून झुरळांच्या खडूची रेघ पुसत होती.

“एवढं मी नवऱ्याला जपलं नाही कधी,” दारातून गोदूबाई म्हणाल्या.

“मामंजी लादी चाटत नव्हते, आई.”

गोदूबाईंना हसू आलं असावं, पण त्यांनी ते पदराआड दाबलं. सुनेच्या विनोदाला सासूनं लगेच हसायचं नसतं.

ज्याच्यासाठी ही साफसफाई चालली होती तो ढब्बू, पांढरा केसाळ पॉमेरियन, खाटेवर बसून शैलाच्या वेणीशी खेळत होता. शैलाच्या भावाची नागपूरला बदली झाली आणि आषाढी एकादशीनंतर हा पाहुणा कायमचा राहायला आला. गिरगाव सोडून नवघरच्या या दोन खोल्यांत आल्यापासून घराला घरपण आलं ते ढब्बूमुळेच, असं शैलाचं मत. तिचा नवरा पंढरीनाथ याला कशाबद्दलच मत नसे, म्हणजे तो सुखी माणूस होता. गोदूबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “माझ्या देवांजवळ फिरकला, तर याची पुढची बदली मी करीन.”

मीरा रोडच्या डॉक्टरांनी लस टोचताना कुत्र्याला काय काय बाधतं ते शैलाला सांगितलं होतं. उंदरांचं औषध, फिनेल, डांबरगोळ्या, माणसांच्या तापाच्या गोळ्या, चॉकलेट, कांदा. घरी येऊन तिनं प्रत्येक गोष्ट नवऱ्याला आणि सासूला पुन्हा पुन्हा समजावली. कांद्याचं तेवढं सांगायची गरज पडली नाही. चातुर्मास सुरू झाला होता, आणि आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत गोदूबाईंच्या घरात कांदा-लसूण येत नसे.

त्यांचा चातुर्मास अख्ख्या बिल्डिंगमध्ये गाजलेला. काय चालतं, काय नाही, हे विचारायला खालच्या मजल्यावरच्या सुना वर येत. मागच्या वर्षी पंढरीनाथच्या शर्टाला कांद्याचा वास आला, तर त्यांनी त्याला गॅलरीत जेवायला बसवलं होतं. चांगला पन्नाशीला आलेला माणूस! शैलाला या कडकपणाचा राग येई आणि कौतुकही वाटे. जिभेवर एवढा ताबा तिला तरी जमला नसता.

दिवस मजेत चालले होते. नवरा-बायको सकाळी ऑफिसला जात. दुपारी गोदूबाई मारुतीच्या देवळात पोथीला जाऊन येत. संध्याकाळी शैला दार उघडायची, तेव्हा ढब्बू पोट वर करून पसरलेला असे आणि त्याची पोळी ताटलीत तशीच पडलेली.

“खात नाही मेला,” गोदूबाई म्हणत. “लाडोबा करून ठेवलाय तुम्ही.”

भाद्रपदात ढब्बू मलूल झाला. जिना चढताना मध्येच बसू लागला. मग एका सकाळी त्यानं गॅलरीत लघवी केली ती काळ्या चहाच्या रंगाची. दोघांनी रजा टाकली आणि पंढरीनाथ रिक्षा बघायला धावला. शैला ढब्बूला उचलून बाहेर आली, तर गोदूबाई चपला घालून आधीच जिन्यात उभ्या होत्या.

“घरात एकटी बसून मी काय करू?” त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी ढब्बूचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. त्यांत गुलाबी म्हणून काही उरलंच नव्हतं.

“याचं रक्त आतल्या आत कमी होतंय. काय खाल्लंय ते नीट आठवून सांगा.”

“काहीच नाही हो,” शैला म्हणाली. “तुम्ही सांगितलेलं सगळं मी काढून टाकलंय.”

“कांदा?”

एवढ्या काळजीतही शैलाला हसू आलं. “आमच्याकडे चातुर्मास असतो, डॉक्टर. आईंचा.”

“कांदा असता तर बरं झालं असतं. रोज थोडा थोडा पोटात गेला तरी हे असंच होतं, पण बंद केला की कुत्रं बहुतेक उठून उभं राहतं.” डॉक्टरांनी कपाटातून एक बाटली काढली. “नसेल, तर गोचिडीचा ताप धरून चालावं लागेल. त्याचं इंजेक्शन जालीम असतं. याला झेपेल की नाही, सांगू शकत नाही. पण थांबायलाही वेळ नाही.”

पंढरीनाथनं खाली मान घातली. “मी स्टेशनवर भुर्जी खातो. कांदा घातलेली. पण घरी कधी आणली नाही, शप्पथ.”

शैलानं त्याच्याकडे पाहिलं. चातुर्मासात, आईसमोर, हा माणूस एवढं बोलला! त्याचाही या कुत्र्यावर जीव आहे हे तिला आज कळलं आणि तिचे डोळे भरून आले. आता सासूबाई काय म्हणतात म्हणून तिनं भीतभीत मागं पाहिलं. गोदूबाई लेकाकडे बघतही नव्हत्या. त्या टेबलाजवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या.

डॉक्टरांनी सुई भरली. “मान धरा घट्ट.”

शैलानं डोळे मिटून ढब्बूची मान धरली.

“थांबा,” गोदूबाई म्हणाल्या. “कांदाच आहे तो. दुपारी मी भजी आणते, आणि एकटीच्या घशाखाली उतरत नाहीत म्हणून निम्मी त्याला घालते.”